मंजूर रजा घ्यावीच लागते

टायफॉईड हा आमच्या ऑफिसातला सर्वांत लाडका आजार होता. आंब्याच्या दिवसांत तो वलसाडकडच्यांना व्हायचा, लग्नसराईत खानदेशातल्यांना, आणि उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आगेमागे तर पतंग उडवणाऱ्या प्रत्येकाला. बरा होऊन आलेला माणूस उन्हाने रापलेला असायचा, दोन किलोंनी भरलेला असायचा आणि त्याच्या बोटांवर मांज्याच्या चिरा असायच्या. सर्टिफिकेट मात्र चोख. जवळच एक म्हातारे डॉक्टर होते. ते आधी तारखा विचारायचे, मग नाव विचारायचे, आणि शेवटी पेन उघडून म्हणायचे, टायफॉईड लिहू की कावीळ?

ही सगळी सर्टिफिकेटं माझ्या टेबलावर यायची. मी रजनी गुप्ते. सुरतेत सगळ्या बायका बेन, म्हणून रजनीबेन. नानपुऱ्यातल्या आमच्या केंद्र सरकारी ऑफिसात सतरा वर्षं मी रजेच्या टेबलावर होते. माझ्या पाठीमागे मला काय म्हणत ते मला ठाऊक होतं आणि त्याचं मला वाईटही वाटत नसे. रजेच्या नियमांचं लाल पुठ्ठ्याचं पुस्तक मला तोंडपाठ होतं. कुठल्या माणसाची किती रजा शिल्लक आहे हे त्याच्या बायकोपेक्षा मला जास्त ठाऊक असायचं. खोटा टायफॉईड मला लांबूनच कळायचा, पण कागद बरोबर असला की मी सही करायचे. माझं भांडण माणसाशी नव्हतं, चुकीच्या कागदाशी होतं.

आता ते दिवस आठवले की हसू येतं. आमचं पाहणी खातं होतं. गावोगाव जाऊन फॉर्म भरायचे, घरात माणसं किती, शिकलेली किती, कामाला कोण कुठे जातं. थंडीत संध्याकाळी पाच वाजले की अख्खं ऑफिस तापीच्या काठी पोंक खायला जायचं. हिरवीगार भाजलेली ज्वारी, वर तिखट शेव. ऑफिसचे प्रमुख देसाईसाहेब सगळ्यांना खाऊ घालायचे. साहेब पक्के सुरती, त्यांच्या बोलण्यातला प्रत्येक स चा ह व्हायचा, आणि कुठल्याही अडचणीवर त्यांचं उत्तर एकच, "चालहे, बेन." चालेल. मी म्हणायचे, साहेब, नियमात नाही चालणार. मग ते माझ्याकडे आणखी एक पुडी सरकवायचे.

सत्त्याण्णवचा जानेवारी होता. उत्तरायणाचे टायफॉईड नुकतेच टेबलावर येऊन पडले होते आणि त्यांत एक अर्ज निराळा होता. वाल्मिकचा. हा मुलगा दीड वर्षापूर्वी लागलेला, अजून पक्का झालेला नव्हता. उधन्याला राहायचा. घरचे धुळ्याकडचे. मोठा भाऊ हिलाल यंत्रमागावर कामाला, आई कलाबाई, आणि हिलालची बायको-मुलं. अख्ख्या घराण्यात सरकारी नोकरी लागलेला हा पहिलाच. सव्वीस वर्षांचा, कामात चोख, बोलायला कमी. अर्जात त्याने लिहिलं होतं की मोठ्या भावाला मूत्रपिंड द्यायचं आहे, ऑपरेशन अहमदाबादला होईल, डॉक्टर सहा आठवडे विश्रांती सांगतात, तरी तेवढी रजा मिळावी.

मी अर्ज दोनदा वाचला. मग पुस्तक उघडलं, उगाचच, कारण त्यात काय नाही ते मला ठाऊक होतं. कमावलेली रजा त्याची नऊच दिवस उरली होती. बाकीची भावाला डायलिसिसला नेण्यात संपली होती. आजारपणाची रजा आजाऱ्याला मिळते, आणि हा आजारी नव्हता. बिनपगारी मिळाली असती, पण त्याच्या आधीचा एक मुलगा पक्का होण्याआधी महिनाभर घरी बसला होता आणि वरच्या ऑफिसने त्याला घरीच बसवलं होतं. ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

आता असा नियम आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी पेपरात वाचलं, अवयव देणाऱ्या केंद्र सरकारी नोकराला बेचाळीस दिवसांची खास रजा. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग एकटीच स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला आणि तो उतू गेला. पण तेव्हा काहीच नव्हतं.

ऑफिसातल्या शहाण्यांनी वाल्मिकला लगेच तोडगा सांगितला, म्हणजे टायफॉईड. एकाने तर डॉक्टरांकडे न्यायलाही सुरुवात केली. वाल्मिक जिन्यातून परत आला आणि माझ्या टेबलापाशी उभा राहिला. मी विचारलं, काय रे, कावीळ लिहायची का? तो हसला नाही. म्हणाला, "ताई, किडनी देणारा एकदम ठणठणीत लागतो. तिकडचे डॉक्टर चार-चार तपासण्या करून लिहिणार की मी निरोगी. त्याच तारखेला इकडचे डॉक्टर लिहिणार की मी आजारी. हे दोन कागद कधी समोरासमोर आले तर भावाची किडनीही जाईल आणि नोकरीही."

सतरा वर्षांत माझ्यासमोर इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं. मला तो मुलगा त्या क्षणी फार आवडला, आणि म्हणून मी त्याच्यावर ओरडले की जा, कामाला लाग, मी बघते.

त्या आठवड्यात मी पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. निरोगी माणूस, स्वतःच्या खुशीने, सरकारला पसंत असलेल्या कामासाठी हॉस्पिटलात जातो आणि त्याला पगारी रजा मिळते, असं काही आहे का? होतं. रक्तदानाला एक दिवस. आणि नसबंदीला सहा दिवस.

हे मला साहेबांना सांगायचं होतं. मी चाळिशीतली बिनलग्नाची बाई, दार उघडं, बाहेर सगळे कान टवकारून बसलेले. मी साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून खणखणीत आवाजात नसबंदीचा नियम वाचून दाखवला. बाहेर कोणीतरी खुसखुसलं. साहेबांनी आधी छताकडे पाहिलं, मग पंख्याकडे, मग माझ्याकडे. मी म्हणाले, साहेब, जन्म थांबवायला गेलेल्याला रजा आहे, मग जीव वाचवायला गेलेल्याला का नको? साहेबांचं हसू गेलं. त्यांनी माझी टिपणी वाचली, खाली जोरदार शिफारस लिहिली आणि ती बडोद्याच्या वरच्या ऑफिसला पाठवून दिली.

बडोद्याहून उत्तर येईना. अहमदाबादची तारीख फेब्रुवारीच्या दहाची मिळाली होती. आईला साखर, हिलालच्या बायकोचा रक्तगट जुळत नव्हता, बाप कधीच गेलेला. द्यायला वाल्मिकशिवाय कोणी नव्हतं. रोज डाक आली की तो माझ्याकडे बघायचा आणि मी मान हलवायचे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, आमचा शिपाई सुकदेव एका माणसाला हात धरून वर घेऊन आला. चेहरा सुजलेला, रंग मातकट, पायांत चप्पल अर्धीच शिरलेली, कारण पावलंही सुजलेली. दोन जिने चढून त्याला दम लागला होता. हा हिलाल. वाल्मिक त्या दिवशी सचिन गावाला फॉर्म भरायला गेलेला होता आणि हे हेरूनच तो आला होता.

मी त्याला खुर्ची दिली, पाणी मागवलं. त्याने घोटभरच घेतलं. त्याचं पाणीही मोजलेलं होतं. मला वाटलं, रजेसाठी हातापाया पडायला आला असणार. मनात शब्द जुळवायला लागले, की भाऊ, आमच्या हातात काही नाही.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही रजा देऊ नका."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. तो थांबून थांबून, अर्धं मराठीत आणि अर्धं अहिराणीत सांगत राहिला. त्याने वाल्मिकला आईची शपथ घातली होती. सरकारने रजा दिली तर जायचं, नोकरी धोक्यात घालून जायचं नाही. वाल्मिकने शपथ घेतली होती, आणि तो शब्द मोडणारा नव्हता. म्हणून आता सगळं माझ्या हातात होतं. मी नाही म्हटलं की सरकारने नाही म्हटलं, आणि मग भाऊ वाचला.

"बारा वर्षं मी डबल पाळी केली, तवय ती नोकरी लागनी," तो म्हणाला. "आते मीच ती खाऊ का? तुम्ही नही म्हनी द्या, बस. तुम्हले काय, रोजनंच काम शे."

रोजचंच काम आहे. ते त्याने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. सुकदेवने किंवा कोणीतरी त्याला सांगितलं असणार की रजेच्या टेबलावर एक बाई बसते आणि तिला नाही म्हणायला जीवावर येत नाही. तो विश्वासाने आला होता. मला इतका राग आला, की कोणाचा ते आजही सांगता येत नाही. त्याचा, त्या शपथेचा, लाल पुस्तकाचा, आणि थोडा माझाही. माझ्या घरी मी एकटी. आईवडील गेलेले, भाऊ अरविंद पुण्याला, दिवाळीला त्याचं पत्र यायचं. माझ्याकडे कोणी काही मागणारं नव्हतं, आणि इथे दोन माणसं एकमेकांसाठी मरायला निघाली होती आणि दोघांनी मला मध्ये उभं केलं होतं.

टेबलावर बडोद्याहून सकाळी आलेलं एक पत्र होतं. टाइपरायटरच्या रिबिनी जपून वापराव्यात, असं त्यात इंग्रजीत लिहिलेलं होतं. वर तीन सिंह होते, खाली गोल शिक्का होता. मी ते उचललं.

"हिलालभाऊ, तुम्हाला उशीर झाला," मी म्हणाले. "रजा मंजूर होऊन आली."

त्याने पत्राकडे पाहिलं. शिक्क्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, परत पाठवा.

"मंजूर झालेली रजा परत पाठवता येत नाही. ज्या कामासाठी मंजूर झाली त्या कामासाठी ती घ्यावीच लागते. नाही घेतली तर सरकारला फसवलं असं धरतात. मग नोकरी जाते."

असा नियम नव्हता. कुठल्याही पुस्तकात, कुठल्याही रंगाच्या पुठ्ठ्यात नव्हता. सतरा वर्षं मी नियम वाचले होते, त्या दिवशी पहिल्यांदा एक बनवला, आणि तो माझ्या तोंडून इतका सरळ बाहेर पडला की माझाच त्याच्यावर विश्वास बसला. हिलालच्या सुजलेल्या कपाळावर तो हिशेब चाललेला मला दिसत होता.

"म्हनजे त्यानी नोकरी वाचाडाले माले किडनी लेनी पडी?"

"हो. घ्यावीच लागेल."

तो उठला. सुकदेवचा हात धरून जिना उतरला. मी खिडकीतून पाहिलं तर रिक्षात बसताना तो डोळे पुसत होता. त्या दिवशी मी एकाही अर्जावर सही केली नाही.

संध्याकाळी वाल्मिक सचिनहून आला तेव्हा त्याला मी जिन्यात गाठून सगळं खरं सांगितलं. तो इंग्रजी वाचणारा, त्याला रिबिनीचं पत्र दाखवून भागणार नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, बडोद्याहून नाही आलं तर? मी म्हणाले, नऊ दिवस तुझे आहेत, ते घेऊन जा, पुढचं माझ्यावर सोड. तो म्हणाला, ताई, मी शपथ घेतलीय. मी म्हणाले, सरकारने रजा दिली तर जायचं, अशीच शपथ आहे ना? या टेबलावर सरकार मी आहे. हे बोलताना मला भलताच जोर चढला होता. रात्री घरी आल्यावर तो सगळा उतरला.

दहा तारखेला ऑपरेशन झालं. त्या काळी किडनी काढायला कमरेपासून बरगडीपर्यंत वीतभर चीर घ्यायचे, एखादी बरगडीही कापायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात अहमदाबादहून फोन आला. एस.टी.डी. बूथवरून हिलालचा मेहुणा बोलत होता. सुकदेवने फोन घेतला, ऐकलं, आणि रिसीव्हर हातात तसाच धरून सगळ्या ऑफिसला ओरडून सांगितलं, लघवी सुरू झाली, चार लिटर झाली! नवी किडनी कामाला लागली की पहिली खूण ती. कोणीतरी धावत जाऊन पेढे आणले. साहेब बाहेर आले, त्यांनाही दिला. एका माणसाच्या लघवीसाठी अख्ख्या सरकारी ऑफिसाने पेढे खाल्लेले मी तरी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

त्यानंतर चार दिवसांनी बडोद्याचं उत्तर आलं. दोन ओळी. सदर कारणासाठी रजेची तरतूद नाही.

मी ते पत्र फाइलला लावलं. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. मीच त्या खुर्चीत असते तर मीही तेच लिहिलं असतं, आणि कदाचित एकाच ओळीत. मग मी माझ्या स्वतःच्या रजेचं पान उघडलं. दोनशे चाळीस दिवस. त्याहून जास्त साठवता येत नव्हती. दर वर्षी वरची रजा वाया जायची, कारण मला जायला कुठेच नव्हतं. मी त्या आकड्याकडे बघत बसले. माणसाला पोटातलं काढून दुसऱ्याच्या पोटात घालता येतं, पण माझ्या पानावरचा एक दिवस वाल्मिकच्या पानावर घालता येत नाही. मला रडू आलं, तिथेच, टेबलावर, सगळ्यांदेखत. कोणी काही विचारायला आलं नाही, कारण मला रडताना बघायची सवय कोणालाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे माझाच रजेचा अर्ज ठेवला. बत्तीस दिवस. कारण, घरगुती काम. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. घरात माझ्या कोण आहे ते त्यांना ठाऊक होतं. मी म्हणाले, वाल्मिकची नऊ दिवसांची रजा संपतेय, त्यानंतर तो फिरतीवर आहे. बारडोलीची गावं, कामरेज, सचिन. फॉर्म वेळेवर येतील.

साहेबांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. कच्चा गडी तर ते नव्हतेच. मग म्हणाले, फिरतीवरचा माणूस ऑफिसात दिसत नाही, हे तर नियमाला धरूनच आहे. आणि सही करून पुढे म्हणाले, "चालहे, बेन."

बत्तीस दिवस मी रजेवर होते आणि आयुष्यात इतकं काम कधी केलं नाही. सकाळी एस.टी.ने बारडोली. तिथून पुढे उसाच्या बैलगाडीत, नाहीतर पायी. ऊसतोडीला आलेल्या बायका म्हणायच्या, बाई, बसा, आणि मी बांधावर बसून विचारायचे, घरात माणसं किती. कारखान्याच्या मळीचा वास साडीला चिकटून घरी यायचा. सतरा वर्षं मी ज्यांचे फिरतीचे अर्ज तपासले त्यांचे पाय कसे दुखत असतील, ते मला त्या महिन्यात कळलं. सचिनला कामगारांच्या खोल्यांमध्ये कोणी दार उघडेना, तेव्हा कलाबाई, वाल्मिकची आई, माझ्याबरोबर यायला लागली. हिलालची बायको अहमदाबादला त्याच्याजवळ होती, नातवंडं शेजारी ठेवून ही यायची. तिला वाटत होतं, माझी बदली फिरतीवर झालीय. खानदेशातली माणसं तिला बघून दार उघडायची. दुपारी आम्ही एखाद्या गाळ्याच्या सावलीत बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचो. एकदा तिने विचारलं, बाई, तुमच्या घरी कोण आहे? मी म्हणाले, कोणी नाही. तिने तिच्या पुढ्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, आता आम्ही आहोत ना. मी जेवत राहिले. वर बघितलं असतं तर पंचाईत झाली असती.

भरलेले फॉर्म मी अहमदाबादला पाठवायचे, वाल्मिक पडल्या पडल्या सह्या करायचा. मार्चच्या अखेरीस तो हजर झाला, एका बाजूला जरासा वाकून चालणारा. जूनमध्ये तो पक्का झाला. कागदावर त्याची नोकरी अखंड होती, रजा नऊ दिवस, आणि फिरतीवर एवढे फॉर्म भरल्याबद्दल बडोद्याहून शाबासकीचं पत्र आलं. ते त्याने माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

ऑगस्टमध्ये हिलाल आला. या वेळी जिना एकटाच चढून. मी आधी ओळखलंच नाही. सूज उतरून आत एक काळासावळा, नाकेला, देखणा माणूस निघाला होता. पुढे तो तेरा वर्षं जगला, दोन्ही मुलींची लग्नं करून गेला, पण त्या दिवशी ते कोणाला ठाऊक होतं? त्या दिवशी तो नुसता दम न लागता समोर बसला होता आणि पूर्ण ग्लास पाणी प्यायला होता, आणि मला तेवढंच पुष्कळ झालं होतं.

त्याचं एक काम होतं. तपासणीला तो ज्या सेंटरला जायचा तिथे सरलाबाई म्हणून एक बाई डायलिसिसला होत्या. मुलगा कामरेजकडे तलाटी, नुकताच लागलेला. तो किडनी द्यायला तयार, त्याची रजा काही मंजूर, काही अडकलेली, आणि ह्या म्हणतात, मी मरेन पण पोराच्या नोकरीला धक्का लावणार नाही. हिलालने त्यांना सांगून पाहिलं होतं की मंजूर रजा घ्यावीच लागते, नाहीतर उलट नोकरी जाते, माझं तसंच झालं. पण त्या बाई शिकलेल्या, मास्तरांची मुलगी. त्या म्हणाल्या, नियम असेल तर नंबर असेल, नंबर आणा.

"तेवढा नंबर लिहून द्या, बाई," हिलाल म्हणाला.

मी पेन खाली ठेवलं. त्याला खोटं सांगून सहा महिने झाले होते आणि ते मला टोचत होतं, हे मी नाकारत नाही. मी म्हणाले, "हिलालभाऊ, असा नियम नाही. मी बनवला होता. ती रजा कधी मंजूर झालीच नाही."

त्याचा चेहरा पडला. मग त्याला हळूहळू सगळं उमगत गेलं, मला दिसत होतं. त्याने विचारलं, म्हणजे वाल्मिकची नोकरी गेली असती? मी म्हणाले, जाऊ शकली असती. मग फिरतीवर कोण होतं? मी टेबलावरचे कागद जुळवायला घेतले. तो माझ्या उन्हाने काळ्या पडलेल्या हातांकडे बघत राहिला. आईने त्याला सचिनच्या खोल्यांचं, भाकरीचं सांगितलं असणार. तो उठून निघून जाईल असं मला वाटलं, आणि गेला असता तरी माझी तक्रार नव्हती. त्याने मला त्याच्या भावाला वाचवायला सांगितलं होतं आणि मी त्यालाच फसवलं होतं.

पण तो उठला नाही. त्याने उजवा हात पोटाच्या खालच्या बाजूला नेला, जिथे वाल्मिकचं मूत्रपिंड बसवलेलं होतं, आणि तिथेच ठेवून थोडा वेळ बसला. मग खुर्ची जराशी पुढे ओढली.

"बाई," तो म्हणाला, "तरी पण नंबर द्या."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. सरलाबाईंकडे फार दिवस नाहीत, असं तो म्हणाला, आणि नंबर असला तर त्या ऐकतील.

मी खात्याच्या छापील नावाचा एक कोरा कागद ओढला. नियम इंग्रजीत लिहिला, अगदी त्या लाल पुस्तकाच्या भाषेत, आणि वर एक नंबर घातला. तो मी इथे देत नाही, कोणीतरी शोधायला जाईल. हिलालने कागद उलटसुलट करून पाहिला आणि माझ्यापुढे परत ठेवला.

"शिक्का मारा," तो म्हणाला.

मी खण उघडला, गोल शिक्का काढला, पॅडवर नीट दाबला आणि मारला.